सुचवलेले पुस्तक

रविवारची दुसरी मिस्सा संपली की आमच्या देवळाच्या पडवीत माणसे अर्धा तास तरी रेंगाळतात. पूर्वी या अर्ध्या तासात केळीचे भाव, पाऊस आणि कुणाच्या मुलीची सोयरीक कुठे जमली हे विषय असत. आता वाड्यांतून पूर्वीइतक्या केळी राहिल्या नाहीत आणि सोयरिकी मुले परस्परच जमवतात. तेव्हा बोलणे फिरून फिरून चित्रपटांवर येते. 'सर, काही बघण्यासारखे?' हा प्रश्न मला दर रविवारी कुणी ना कुणी विचारतेच. चौतीस वर्षे हायस्कुलात भाषा शिकवली, एवढेच त्याचे कारण. ज्याने धडे शिकवले त्याला चित्रपटही कळत असणार, अशी आपल्याकडे एक भाबडी समजूत आहे.

मी उत्तर देतो आणि पुष्कळदा पस्तावतो. चित्रपट किंवा पुस्तक सुचवणे हे सोयरीक सुचवण्यासारखेच आहे. जमले तर ती दोघे सुखात, मध्यस्थाची कुणाला आठवण नसते; बिनसले तर बोल मात्र मध्यस्थाला. एका गृहस्थांनी माझ्या सांगण्यावरून एक संथ जपानी चित्रपट सहकुटुंब पाहिला आणि पुढचे तीन रविवार ते देवळाच्या मागच्या दाराने बाहेर पडले. तरीही गेल्या दोन वर्षांत जे पाहिले-वाचले त्यातले थोडे आज वाचकांपुढे ठेवतो. सगळ्यांविषयी सारखेच लिहायचे, असे बसताना ठरवले होते. ते जमलेले नाही. एका लहानशा पुस्तकाने माझी पाने खाल्ली आहेत.

आधी 'कॉन्क्लेव्ह'विषयी, कारण तो आमच्या धर्मग्रामात सर्वांत जास्त पाहिला गेला. रॉबर्ट हॅरिस यांची याच नावाची कादंबरी २०१६ साली आली. तिच्यावरून एडवर्ड बर्गर यांनी केलेला हा चित्रपट २०२४ चा. पोप महोदय निवर्तले आहेत, जगभरचे कार्डिनल सिस्टीन चॅपेलमध्ये कोंडून घेऊन नवा पोप निवडत आहेत आणि या सगळ्याची व्यवस्था ज्याच्या गळ्यात पडली आहे तो डीन, कार्डिनल लॉरेन्स, स्वतःच प्रार्थनेला पारखा झालेला आहे. राल्फ फाइन्स यांनी हा थकलेला, सज्जन माणूस फार समजून उभा केला आहे. २०२५ च्या मार्चमध्ये या चित्रपटाला रूपांतरित पटकथेचे ऑस्कर मिळाले. पुढच्याच महिन्यात, २१ एप्रिलला, ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी पोप फ्रान्सिस देवाघरी गेले, आणि पडद्यावर पाहिलेले सारे आमच्या घराघरांत बातम्या होऊन अवतरले.

७ मे रोजी १३३ कार्डिनल आत गेले. त्यांत चार भारताचे होते, गोव्याचे फिलिप नेरी फेर्राव त्यांपैकी एक. मुंबईचे कार्डिनल ऑस्वाल्ड ग्रेशस यांची ऐंशी वर्षे पूर्ण झालेली असल्याने ते मतदानाला नव्हते. त्या दोन दिवसांत आमच्या आळीतल्या बायका व्हॅटिकनच्या अधिकृत प्रवक्त्या झाल्या होत्या. 'आता चिठ्ठ्या सुईदोऱ्यात ओवतील बघा,' 'आता चुलीत टाकतील,' असे धावते वर्णन चालले होते. ८ मेला आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ वाजून गेले तेव्हा पांढरा धूर निघाला; पुढे लिओ चौदावे सज्जात आले. शेजारच्या काकूंनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, 'पिक्चर बघितला होता म्हणून बरं, नाहीतर काय चाललंय ते कळलंच नसतं.' चित्रपट-समीक्षकाने याहून अधिक काय म्हणावे?

तरी दोन गोष्टी सांगून ठेवतो. कथेत एक कार्डिनल ऐनवेळी येऊन दाखल होतो. मृत पोपनी त्याला गुपचूप कार्डिनल केले होते, नाव जाहीर केले नव्हते. प्रत्यक्षात ख्रिस्तसभेच्या कायद्यानुसार असे नाव पोपने जाहीर केल्याखेरीज त्या व्यक्तीला कार्डिनलचे कोणतेच हक्क मिळत नाहीत, मग मतदान कुठले! म्हणजे कथेचा खांबच कच्च्या विटेचा आहे. शेवटचे वळणही मला ओढून आणलेले वाटले. पण यातली सिस्टर ॲग्नेस विसरता येत नाही. धर्मभगिनी स्वयंपाक करतात, ताटे वाढतात, खोल्या आवरतात. त्या कुणाला दिसत नाहीत, पण त्यांना सगळे दिसत असते. इझाबेला रोसेलिनी यांच्या वाट्याला पुऱ्या चित्रपटात मोजकी वाक्ये आहेत, आणि ती बोलू लागली की लाल झग्यांतला तो सारा दरबार गप्प होतो. माझी थोरली बहीण धर्मभगिनी आहे. तिला हा प्रसंग दाखवावा असे मला त्याच वेळी वाटले होते. प्रत्यक्षात मी तिला दुसरेच काही दिले, त्याकडे येतोच.

दुसरा चित्रपट पायल कपाडिया यांचा 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट'. २०२४ च्या कान महोत्सवात मुख्य स्पर्धेत तीस वर्षांनी एक भारतीय चित्रपट पोहोचला आणि तिथला दुसऱ्या क्रमांकाचा मान, ग्राँ प्री, घेऊन आला. मुंबईच्या एका रुग्णालयातल्या दोन मल्याळी नर्सेस आणि तिथेच स्वयंपाकघरात काम करणारी, रत्नागिरीकडची पार्वती, अशा तिघींची ही गोष्ट. मोठ्या नर्सचा नवरा जर्मनीत आहे. तो फोन करत नाही, पत्र लिहीत नाही. एक दिवस टपालाने भात शिजवायचे एक विजेचे भांडे तेवढे येते, सोबत चिठ्ठीसुद्धा नाही. ते भांडे ती रात्री कवटाळून बसते, त्या दृश्याला आमच्या घरात कुणी काही बोलले नाही. आमच्याही दोन मुली नर्स होऊन परदेशी गेल्या आहेत, आणि आमच्याही कपाटावर टपालाने आलेली अशी दोन-तीन यंत्रे आहेत.

पार्वतीची भूमिका छाया कदम यांनी केली आहे. चाळीत वर्षानुवर्षे राहिलेल्या या बाईपाशी खोली आपली असल्याचा कागद नाही, आणि बिल्डरला ती जागा टॉवरसाठी हवी आहे. एका रात्री त्या बिल्डरच्या जाहिरातीच्या फलकावर ती आणि तिची मैत्रीण दगड मारून पळतात. इतका निष्फळ आणि इतका समाधान देणारा दगड मी दुसऱ्या चित्रपटात पाहिलेला नाही. नंतर पार्वती गावी, समुद्रकाठी परतते आणि चित्रपटाचा श्वासच बदलतो. मात्र संथपणा सोसत नसेल त्यांनी वाटेला जाऊ नये. माझ्या मेहुण्यांनी पहिल्या अर्ध्या तासात घोरायला सुरुवात केली. तरुण नर्सच्या प्रेमाची काही उघड दृश्येही आहेत, तेव्हा लहान मुलांना घेऊन बसू नये.

मराठीत मी कृष्णात खोत यांची 'रिंगाण' वाचा असे सांगेन. तिला २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. धरणाने उठवलेली माणसे आणि मागे राहिलेली एक म्हैस, एवढ्या सामग्रीवर ही कादंबरी उभी आहे. भाषा कोल्हापूरकडची, पहिली वीस पाने जड जातील, नंतर आपण त्या रानात असतो. याहून जास्त सांगितले तर वाचण्याची मजा जाईल.

आता त्या लहानशा पुस्तकाकडे.

क्लेअर कीगन या आयरिश लेखिकेचे 'स्मॉल थिंग्ज लाइक दीज' २०२१ साली प्रसिद्ध झाले. जेमतेम सव्वाशे पाने. दुपारी जेवून उठल्यावर हातात घेतले तर दिवेलागणीला संपते. डब्लिनला नर्स असलेल्या माझ्या भाचीने ते पाठवले. १९८५ सालचा नाताळ जवळ आला आहे. आयर्लंडमधल्या न्यू रॉस या नदीकाठच्या गावी बिल फरलाँग नावाचा एक कोळसा-लाकूड विकणारा कष्टाळू गृहस्थ आहे. पाच मुली, नेकीने चाललेला संसार. तो स्वतः एका अविवाहित मोलकरणीचा मुलगा. त्याच्या आईला तिची मालकीण, एक प्रॉटेस्टंट विधवा, घराबाहेर काढती तर त्याचे काय झाले असते, हे त्याला पक्के ठाऊक आहे. कॉन्व्हेंटमध्ये कोळसा पोहोचवायला तो भल्या पहाटे जातो आणि कोळशाच्या कोठारात त्याला एक मुलगी कोंडलेली सापडते.

पुढे काय होते ते सांगायचे नाही, असे मी ठरवले आहे. पण पार्श्वभूमी सांगायला हवी. आयर्लंडमध्ये 'मॅग्डलेन लाँड्री' नावाची धुलाईघरे होती, धर्मभगिनींच्या संघांनी चालवलेली. लग्नाआधी दिवस गेलेल्या, अनाथ, कुणाला नकोशा झालेल्या मुली तिथे ठेवल्या जात आणि त्यांच्याकडून बिनपगारी काम करून घेतले जाई. शासकीय चौकशीच्या अहवालाप्रमाणे १९२२ पासून सुमारे दहा हजार स्त्रिया तिथे राहून गेल्या. शेवटचे धुलाईघर बंद झाले ते १९९६ साली. २०१३ मध्ये तिथल्या पंतप्रधानांनी संसदेत या स्त्रियांची क्षमा मागितली. लेखिका मात्र कुठेही आवाज चढवत नाही. गावातल्या साऱ्यांना सारे माहीत आहे. मदर सुपीरियर वाईट बोलत नाहीत, त्या चहा देतात आणि एक पाकीट देतात. फरलाँगच्या मुलींची शाळा त्याच धर्मभगिनींची आहे आणि कॉन्व्हेंटच्या भिंतीला लागूनच आहे. एवढे सांगितले म्हणजे गाठ कुठे बसली आहे ते कळते.

यावर २०२४ साली चित्रपटही आला. किलियन मर्फी यात जवळजवळ बोलतच नाहीत, आणि एमिली वॉटसन यांच्या मदर सुपीरियरला बर्लिनचा पुरस्कार मिळाला. चांगला आहे, पण माझी शिफारस आधी पुस्तकाची.

हे पुस्तक मी पडवीत दोघा-तिघांना सुचवले तेव्हा एक ज्येष्ठ सभासद बाजूला घेऊन म्हणाले, 'सर, आपलीच माणसं आपली लक्तरं दाखवायला लागली तर बाहेरच्यांना काय बोलायचं?' त्यांचा हेतू वाईट नव्हता. मी त्यांना पोप फ्रान्सिस यांच्या एका पत्राची आठवण दिली. १७ जुलै २०२४ रोजी त्यांनी साहित्यवाचनावर एक पत्र लिहिले. आधी ते धर्मगुरूंच्या प्रशिक्षणासाठी योजले होते, मग त्यांना वाटले की हे सगळ्याच ख्रिस्ती माणसांना सांगायला हवे. १९६४-६५ मध्ये ते सांता फे येथील येशूसंघीय शाळेत साहित्य शिकवत. अभ्यासक्रमात 'एल सिद' हे जुने वीरकाव्य. मुलांना हवा होता गार्सिया लोर्का. तेव्हा त्यांनी 'एल सिद' घरी वाचायला लावले आणि वर्गात मुलांच्या आवडीचे लेखक घेतले. केवळ कर्तव्य म्हणून वाचण्यासारखे घातक काही नाही, असे त्यांनी त्या पत्रात स्वच्छ म्हटले आहे. चौतीस वर्षे अभ्यासक्रम 'पुरा करणाऱ्या' मला हे वाचून थोडी लाजच वाटली. ज्येष्ठांना पत्र पटले की नाही, कळले नाही. 'पोप महोदयांचं बरोबर असेल,' एवढे म्हणून ते गेले.

मी मात्र त्यांना एक गोष्ट सांगितली नाही. ती इथे सांगतो.

गेल्या नाताळात माझी बहीण दहा दिवस घरी आली होती. गाव तिला सिस्टर म्हणते, आम्ही घरात अजून बायच म्हणतो. एकोणिसाव्या वर्षी ती मठात गेली, त्याला पन्नासहून अधिक वर्षे झाली. आली त्याच संध्याकाळी मी हे पुस्तक तिच्या उशाशी ठेवले. 'छोटंसं आहे, सहज वाच,' म्हणालो. बायकोनेही विचारले तेव्हा 'सहज दिलं' असेच सांगितले. ते खरे नव्हते.

१९८४ च्या पावसाळ्यात आमच्या वाडीत काम करणाऱ्या बाईची मुलगी, वय सतरा, अडचणीत आली. पाय घसरला, असे तेव्हा सगळे म्हणत. ज्याने ढकलले त्याचे नाव सगळ्यांना ठाऊक होते आणि कुणीही घेत नव्हते. बाय तेव्हा एका वसतिगृहाच्या कामावर होती. आईने मला पत्र लिहायला सांगितले: चार-पाच महिने या मुलीला तिथे ठेवून घेता येईल का? आठ दिवसांनी आंतर्देशीय पत्र आले. दोनच ओळी. वरिष्ठांना विचारले, इथे तशी सोय नाही. मी प्रार्थना करीत आहे. मी ते आईला मोठ्याने वाचून दाखवले. मुलीची आई मागच्या दारात उभी होती, तिने ऐकले. ती काही बोलली नाही. राहिलेली भांडी घासून गेली. पंधरवड्यात मायलेकी वाडी सोडून गेल्या.

तेव्हापासून चाळीस वर्षे मी ते पत्र बायच्या नावावर लिहून ठेवले होते. तिच्या व्रतांच्या रौप्यमहोत्सवाला मी भाषण केले, सुवर्णमहोत्सवाला केक कापताना तिच्या शेजारी उभा राहिलो. पण आत ते पत्र होतेच. कीगनबाईंचे पुस्तक वाचून मिटले तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो हाच, की हे बायला वाचायला द्यायचे. साहित्याचा असाही उपयोग माणूस करतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती ओटीवर वाल सोलत बसली होती. मी चहा घेऊन शेजारी बसलो. पुस्तक तिच्या मांडीशेजारी पालथे ठेवलेले.

'तू हे मला का दिलंस ते कळलं,' ती म्हणाली.

मी काहीतरी पुटपुटलो.

'मी वरिष्ठांना विचारलं नव्हतं,' ती म्हणाली. 'विचारलं असतं तर त्या कदाचित हो म्हणाल्या असत्या. मदर कडक होत्या, पण निर्दय नव्हत्या. मलाच भीती वाटली. नवी होते. माझ्या गावाकडची मुलगी, माझ्याबद्दल काय बोलतील म्हणून. खोटं लिहिलं मी. ते मी पापनिवेदनात सांगितलंय, पण तुला कधी सांगितलं नाही.'

वाल सोलायचे थांबले नव्हते. थोड्या वेळाने तिने विचारले, 'आपल्या घरात तेव्हा किती खोल्या होत्या रे?'

'पाच.'

'आणि माणसं?'

आई, वडील, मी आणि माझी बायको. आमचे लग्न होऊन सहा महिने झाले होते. मी चार म्हणालो.

'हा कोळसेवाला कुणाला पत्र लिहीत बसला नाही,' बाय म्हणाली. 'आपल्या घरी घेऊन गेला.'

शेवट सांगणार नाही म्हणालो होतो. तो असा फुटला. वाचकांनी माफ करावे. तसाही हे पुस्तक शेवट ठाऊक असला तरी वाचता येते.

मला त्या क्षणी राग आला होता, हे कबूल केले पाहिजे. जो दिवा मी तिच्या तोंडावर धरला होता तो तिने नुसता माझ्याकडे वळवला होता. पण त्या दिवशीचे पत्र वाचताना मला काय वाटले होते, तेही मग आठवू लागले. मला हायसे वाटले होते. नव्या नवरीच्या घरात असली भानगड नको, हे मी कुणाला बोललो नव्हतो. बायच्या नकाराने ते बोलायची गरजच उरली नव्हती. आईने एकदा 'मागची खोली रिकामी आहे,' एवढे म्हटले होते. मी ऐकून न ऐकल्यासारखे केले. वडीलही काही बोलले नाहीत.

'तिचं नाव काय होतं ते आठवतंय तुला?' बायने विचारले.

मला आठवेना. चाळीस वर्षे मी ते प्रकरण उराशी बाळगले, आणि मुलीचे नाव माझ्यापाशी नव्हते. बायने ते सांगितले. रोज संध्याकाळच्या प्रार्थनेत ती ते घेते, म्हणाली. इथे ते छापणे बरे नाही.

पुस्तक बाय आपल्याबरोबर घेऊन गेली. फेब्रुवारीत तिचे पत्र आले, अजूनही ती पत्रच लिहिते. मठातल्या दोघींनी ते वाचले. तिसरीने दहा पाने वाचून टेबलावर परत ठेवले आणि त्याविषयी बोलायचे नाही असे सांगितले. 'कॉन्क्लेव्ह' सगळ्यांनी मिळून पाहिला. सिस्टर ॲग्नेसच्या प्रसंगाला टाळ्या पडल्या, पण स्वयंपाकघर फारच चकचकीत आहे, अशी तक्रार आली. पत्राच्या शेवटी एकच ओळ होती: चौकशी केलीस का?

केली आहे. वाडीतल्या एका म्हाताऱ्याला एवढे आठवते की त्या बाईचा भाऊ तलासरीकडे एका पाड्यावर राहत असे. पाड्याचे नाव त्याने दोन सांगितले, दोन्ही निराळी. भाचीला पुस्तकाची दुसरी प्रत पाठवायला कळवले आहे. पडवीत ज्यांना मी शब्द दिला त्यांनी थोडे थांबावे. येत्या गुरुवारी मी तलासरीला जाऊन येणार आहे.